ड्रमला पचणारा दोष

ध्वनिमुद्रण करणाऱ्या यंत्राने मूळ आवाजात पदरची भर घातली, तर तो दोष समजला जातो. ई-म्यू या अमेरिकी कंपनीने १९८७ मध्ये बाजारात आणलेल्या ‘एसपी-१२००’ या सॅम्पलरचा लौकिक मात्र अशाच भरीवर उभा आहे. न्यूयॉर्कच्या हिप-हॉप निर्मात्यांना त्यातले खरखरीत, दणकट ड्रम भावले. त्याचे कारण निव्वळ आवडीनिवडीत नाही, ड्रमच्या भौतिकशास्त्रातही आहे. हे यंत्र सेकंदाला सुमारे २६,०४० नमुने घेई. त्यामुळे १३ किलोहर्ट्झच्या वरचे काही त्याला टिपता येत नसे. नमुना १२ बिटांचा, म्हणजे ४,०९६ पायऱ्यांपैकी एकीवर बसवलेला. सीडीत अशा ६५,५३६ पायऱ्या असतात. साठवण जेमतेम दहा सेकंदांची. ती पुरवून वापरण्यासाठी ३३ फेऱ्यांची तबकडी ४५ वर फिरवून आवाज टिपायचा आणि मग यंत्रातच खाली उतरवायचा, अशी युक्ती रूढ झाली. आवाज उतरवताना यंत्र नमुन्यांमधल्या किमती काढत बसत नसे. हाती आहेत त्यांतलेच काही, इथे दर शंभरामागे सुमारे पस्तीस, पुन्हा वाजवी. या ओबडधोबडपणातून मुळात नसलेल्या वारंवारता उपजतात.

या उपऱ्या वारंवारता मूळ स्वराच्या पूर्ण पटीत नसतात. बासरीचे उपस्वर दुप्पट, तिप्पट अशा हिशेबात असल्याने तिथे त्या लगेच बेसूर वाटतात. ताणलेल्या गोल पडद्याचे उपस्वर मात्र मुळातच १.५९, २.१४, २.३० अशा अडनिड्या पटींत असतात आणि स्नेअरमध्ये खालच्या तारांचा गोंगाटही मिसळतो. अशा गर्दीत चार पाहुणे आणखी आले तरी आवाज बिघडत नाही, उलट भरतो. याची कसोटी तबल्यावर लागते. शाईमुळे तबला-मृदंगाचे उपस्वर पूर्ण पटींच्या जवळ येतात, हे सी. व्ही. रामन यांनी १९२० मध्ये दाखवून दिले. तेव्हा सुरात लावलेल्या तबल्याला हीच खरखर स्नेअरपेक्षा जास्त खुपणार.

यावर कोणी म्हणेल, हे सारे गणितच असेल तर संगणकही ते करील. जुन्या यंत्राचे कौतुक हा केवळ स्मरणरंजनाचा भाग आहे. पहिली गोष्ट खरी आहे. नमुने वगळणे किंवा पुन्हा वाजवणे सॉफ्टवेअरला मुळीच जड नाही. पण त्याने सिद्ध होते ते इतकेच, की हा गुण पेटीतल्या जादूचा नाही, प्रक्रियेचा आहे. दुसरा आक्षेप असा, की दोष चालतो म्हटल्यावर ताळतंत्र उरणार नाही. एसपी-१२०० ची रचनाच त्याला उत्तर देते. त्याच्या आठ बहिर्मार्गांपैकी पहिल्या दोनांवर बदलता फिल्टर होता, पुढच्या चारांवर ठरावीक, शेवटच्या दोनांवर काहीच नाही. किकची खरखर फिल्टरने गाळायची आणि हाय-हॅटची तशीच सोडायची, असा निवाडा करता येई. ड्रमच्या आवाजाला घडवणे ते हेच: कोणती चूक ठेवायची आणि कोणती काढायची, हे ठरवणे. म्हणून यंत्र किती अचूक आहे हे विचारण्याआधी त्यातून कोणते वाद्य जाणार आहे, हे विचारायला हवे.