ती बेरोजगार आहे की नाही?

समजा, तुमची मैत्रीण बी.कॉम. झाली. वर्षभर पूर्णवेळ नोकरी शोधतेय, मिळत नाही. म्हणून आठवड्यातून दोन दिवस, दीड-दीड तास शिकवण्या घेते. घरचे म्हणतात, 'अजून घरीच आहे.' सरकारी आकडेवारीत मात्र ती रोजगारात धरली जाते. हे कसं?

आपल्याकडे २०१७ पासून नियतकालिक श्रमशक्ती सर्वेक्षण, म्हणजे 'पीएलएफएस', होतं. त्यात 'चालू साप्ताहिक स्थिती' काढताना मागच्या सात दिवसांत एक तास जरी काम केलेलं असलं, तरी तुम्ही रोजगारात. 'नेहमीची स्थिती' काढताना मागचं वर्ष बघतात. वर्षाचा बराच काळ काम शोधण्यात गेला, पण जोडीला ३० दिवस किंवा जास्त काम केलं, तरी रोजगारातच. घरच्या दुकानात बिनपगारी मदत केली तर तीही मोजतात.

यात लबाडी नाही; एक तासाचा निकष आंतरराष्ट्रीय आहे. अडचण वेगळी आहे. मंदीत रिकामं बसणं सगळ्यांना परवडत नाही, लोक मिळेल ते काम धरतात. मग बेरोजगारीचा दर फारसा हलत नाही आणि पूर्णवेळ कामासाठीची वणवण त्यात दिसतच नाही.

म्हणून या विषयावर संशोधन करणार असाल, तर नुसत्या दरावर थांबू नका. कामाचे तास किती, आणखी काम करायची तयारी आहे का, हेही याच सर्वेक्षणात विचारतात. आधी व्याख्या वाचा, मग आकडा. आणि आपली मैत्रीण नेमक्या कुठल्या रकान्यात बसते, ते एकदा तपासून बघा.