रुग्णवाहिका येईपर्यंत

अब्बांच्या उजव्या हाताची तर्जनी मधल्या पेरापासून नाही. नमाजमध्ये अत्तहिय्यातला बसल्यावर शहादतचं बोट वर उचलतात, तेव्हा त्यांचं अर्धंच बोट वर येतं. लहानपणी त्यांच्या शेजारी बसून नमाज शिकताना मीही बोट दुमडून अर्धंच उचलायची. तीच पद्धत असते असं मला वाटायचं. एकदा अम्मीच्या ते लक्षात आलं. तिने माझं बोट धरून सरळ केलं आणि काही न बोलता स्वयंपाकघरात निघून गेली.

हे बोट भोसरीच्या एका प्रेस शॉपमध्ये गेलं. मी तेव्हा चार वर्षांची होते. पत्र्याची शेड, तीन पॉवर प्रेस, गाड्यांना लागणारे ब्रॅकेट आणि वॉशर काढायचं काम. डायमध्ये अडकलेला तुकडा काढायला अब्बांनी हात घातला आणि प्रेस खाली आला. शेजारच्या मशीनवरचे चाचा धावले. ते नात्याने चाचा नाहीत, पण आम्ही भावंडं त्यांना चाचाच म्हणतो. त्यांनी आपला शर्ट काढून अब्बांच्या हाताला गुंडाळला, मशीनखाली पडलेला तुकडा शोधला, कोपऱ्यावरच्या सरबतवाल्याकडून बर्फ आणला, जेवणाच्या डब्यात भरला, बोट त्यात खोचलं आणि मोटारसायकलवर मागे बसवून अब्बांना दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी डबा उघडून पाहिला. आता जोडता येणार नाही, एवढंच म्हणाले.

आमच्या घरी ही गोष्ट चाचांच्या हुशारीची गोष्ट म्हणूनच सांगितली जायची. दुसरा कोणी असता तर रक्त बघूनच पळाला असता, यांनी बोटसुद्धा सोबत आणलं! ईदला शीरखुर्म्याची पहिली वाटी अब्बा त्यांच्यासमोर ठेवतात.

गेल्या वर्षी आमच्या कॉलेजात राष्ट्रीय सेवा योजनेतर्फे प्रथमोपचाराचं प्रशिक्षण होतं. खरं सांगायचं तर मी प्रमाणपत्रासाठी नाव दिलं होतं. प्रशिक्षक निवृत्त परिचारिका होत्या. पहिल्या तासाला त्यांनी हेन्री ड्युनांची हकीकत सांगितली. 1859 साली इटलीतल्या सोल्फेरिनोच्या लढाईनंतर हजारो जखमी तसेच पडून होते. त्या वेळी तिथे पोहोचलेला हा माणूस डॉक्टर नव्हता, व्यापारी होता. त्याने गावातल्या बायकांना गोळा करून जखमींना पाणी आणि पट्ट्या पुरवल्या. रेडक्रॉसची सुरुवात तिथली. पुढे 1876 च्या सुमारास उस्मानी तुर्कांनी त्याच कामासाठी क्रॉसऐवजी लाल चंद्रकोर घेतली. मला मात्र ते ऐकताना आपल्या रुफैदा अस्लमिया (र.) आठवल्या. खंदकच्या लढाईनंतर जखमी साद बिन मुआज (र.) यांना त्यांच्याच तंबूत ठेवलं होतं, आणि तो तंबू मदीनेच्या मशिदीत होता. मदरशात हे शिकले होते. पण तंबूत त्या नेमकं काय करत असतील, हा प्रश्न तोवर मला पडला नव्हता.

तिसऱ्या दिवशी विषय निघाला तुटलेल्या अवयवाचा. मी हात वर केला आणि विचारलं, "मॅडम, बोट तुटलं तर बर्फात घालून न्यायचं ना?"

"तीच चूक सगळे करतात," त्या म्हणाल्या. बर्फ थेट लागला की पेशी गोठतात आणि मरतात. आधी माणसाकडे बघायचं. जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरायचं आणि हात वर ठेवायचा. मुळाशी दोरी आवळायची नाही. मग तुटलेला भाग स्वच्छ, किंचित ओलसर कापडात गुंडाळायचा. तो कोरड्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड बंद करायचं, आणि ती पिशवी बर्फ-पाण्यात ठेवायची. बोटाला ना बर्फ लागला पाहिजे, ना पाणी. पिशवीवर वेळ लिहायची आणि ती रुग्णाबरोबरच पाठवायची.

माझ्या वहीत त्या दिवशीचं पान एवढ्यावरच थांबलंय.

तास संपल्यावर मी मॅडमना गाठून सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाल्या, "प्रेसमध्ये बोट चिरडतं. धारदार पात्याने सरळ कापलं गेलं तर जोडायची शक्यता जास्त. चिरडलेलं बोट नीट आणलं तरी बहुतेक वेळा जोडता येत नाही. तुझ्या वडिलांचं काय झालं असतं, हे आज कोणीच सांगू शकणार नाही."

आठ दिवस मी घरी काही बोलले नाही. नवव्या दिवशी अब्बा जेवून खाटेवर बसले होते, तेव्हा सांगितलं. ते आपल्या बोटाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "चाचाला सांगू नकोस."

त्यानंतरच्या वर्षभरात जे शिकले ते वापरायची वेळ अनेकदा आली. सर्वात जास्त रमजानमध्ये. इफ्तारच्या आधीच्या अर्ध्या तासात आपल्या घरांत काय गडबड असते, हे वाचक भगिनींना सांगायला नको. कढईत भजी, मांडीवर मूल, अजानला दहा मिनिटं. शेजारच्या भाभींच्या मनगटावर तेल उडालं, तर मी पोहोचेपर्यंत हातावर टूथपेस्टचा थर होता आणि आमच्या नानी हळद घेऊन निघाल्या होत्या. पेस्ट पुसली, बांगड्या आणि अंगठी सूज चढायच्या आत काढली, हात नळाखाली धरला. वीस मिनिटं. हे वीस मिनिटांचं गणित कोणालाच पटत नाही. दोन मिनिटांत आग कमी झाली की हात काढून घ्यावासा वाटतो, पण उष्णता आत मुरलेली असते. पाणी साधं हवं, बर्फाचं नको. नानी आजही म्हणतात की त्यांच्या हळदीने चार मुलं वाढली. मी वाद घालत नाही. हळद आमटीत घालू, एवढंच म्हणते.

त्याच महिन्यात इमारतीतले एक वयस्क गृहस्थ असरनंतर जिन्यात बसले ते उठेनात. अंगाला घाम, हात थरथरणारे, बोलणं विसंगत. मधुमेहाची गोळी सहरीला घेतलेली. लोक म्हणत होते, मगरिबला तासच राहिलाय, झोपू द्या. साखर उतरलेल्या माणसाला झोपू देणं म्हणजे जिवाशी खेळ. ते शुद्धीवर होते, गिळू शकत होते, म्हणून चार चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजली. शुद्ध हरपली असती तर तोंडात थेंबही घालायचा नव्हता. पाणी श्वासनलिकेत जातं. पंधरा मिनिटांनी ते माणसात आले आणि रोजा मोडला म्हणून रडू लागले. आजारी माणसाला कुरआननेच सवलत दिली आहे, हे त्यांना माझ्या तोंडून ऐकायचं नव्हतं. मशिदीतून इमामसाहेबांना बोलावलं, तेव्हा कुठे शांत झाले. मधुमेह असलेल्यांनी रमजानच्या आधीच डॉक्टरांकडून औषधांच्या वेळा बदलून घ्याव्यात, असं इमामसाहेबांनी पुढच्या जुम्याच्या बयानात सांगितलं. माझ्या दहा वर्गांनी झालं नसतं ते काम त्या दोन मिनिटांत झालं.

परपुरुषाला हात लावण्याचा प्रश्न मला अनेक जणींनी विचारला. मलाही पडला होता. तळेगाव-चाकण रस्त्यावर तो एका क्षणात सुटला. मामूंबरोबर रिक्षाने येत होते. कंटेनरच्या रांगा नेहमीसारख्याच लागलेल्या, आणि त्यांच्यामधून वाट काढणारा एक मोटारसायकलवाला घसरून पडला. पाळी संपवून निघालेला कामगार असावा, कंपनीचा गणवेश अंगावर होता. मांडीतून रक्त वाहत होतं. भोवती वीसेक माणसं, त्यातली निम्मी मोबाइल उंचावून. एक जण पाण्याची बाटली त्याच्या तोंडाला लावत होता, दुसरा हेल्मेट ओढत होता. मी दोघांनाही थांबवलं, ओढणीची घडी केली आणि जखमेवर दोन्ही हातांनी दाबून धरली. त्याला बोलतं ठेवलं, मान हलवू दिली नाही. मामूंनी 108 ला फोन लावला. औद्योगिक पट्ट्यात पत्ता सांगणं हेही एक कसब आहे. नुसतं "चाकण एमआयडीसी" म्हणून भागत नाही. कुठला टप्पा, जवळची कोणती कंपनी, कितवं गेट, कोणत्या दिशेची लेन, हे सांगावं लागतं. शिवाय एक माणूस चौकात उभा करावा लागतो.

रुग्णवाहिका कोंडीतून येईपर्यंत हात दाबलेलेच होते. दंड बधिर झाले. कोणीतरी कुजबुजलं, "पोरी, पोलिसांच्या लफड्यात पडशील." हा समज अजून गेलेला नाही. मदत करणाऱ्याला त्रास होऊ नये यासाठीच्या मार्गदर्शक सूचनांवर सर्वोच्च न्यायालयाने 2016 मध्ये शिक्कामोर्तब केलं. 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात 134अ हे कलमही आलं. अपघातग्रस्ताला सद्भावनेने मदत करणाऱ्यावर त्या मदतीबद्दल दावा किंवा खटला होऊ शकत नाही. त्याला नाव सांगण्याची सक्तीही करता येत नाही.

त्या मुलाचं पुढे काय झालं ते मला कळलं नाही. रुग्णवाहिकेचं दार बंद होताना तो शुद्धीवर होता, इतकंच माहीत आहे.

घरी आल्यावर इमामसाहेबांना विचारलं, तर ते म्हणाले, "बेटा, रुबय्यि बिन्त मुअव्विज (र.) यांची हदीस काढून वाच." सहीह बुखारीत ती आहे. प्रेषित (स.) यांच्याबरोबर मोहिमेवर जाऊन आम्ही जखमींवर उपचार करायचो, असं त्या सांगतात.

आषाढी वारीत आमच्या गटाला आकुर्डीला टेबल मिळालं. तुकोबांची पालखी देहूहून निघाल्यावर अनगडशाह बाबांच्या दर्ग्यापाशी थांबते आणि मग आकुर्डीला मुक्कामी येते, हे पिंपरी-चिंचवडमध्ये वाढलेल्या प्रत्येकाला ठाऊक असतं. आमच्याकडे आलेले बहुतेक वारकरी फोड आलेल्या पायांचे. फोड फोडायचा नसतो, स्वच्छ करून झाकायचा असतो. हे एका सत्तरीच्या आजींना सांगितलं, तर त्यांनी साडीला टोचलेली सुई काढून दाखवली. चाळीस वर्षं त्या असेच फोड फोडत चालल्या होत्या! क्षारसंजीवनी मात्र त्यांनी आवडीने दोन पेले घेतली. एक लिटर स्वच्छ पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. चव अश्रूंपेक्षा खारट लागली तर मीठ जास्त झालं, ते पाणी फेकून द्यायचं.

आता चाचांची गोष्ट.

वारीनंतर ते स्वतःच घरी आले. त्यांच्या शेडमधल्या एका नव्या पोराचं नख प्रेसने उडवलं होतं आणि प्रथमोपचार पेटी उघडली तर आत उदबत्तीचे पुडे आणि जुनी चलनं निघाली. 1948 च्या कारखाना कायद्याने दर दीडशे कामगारांमागे एक भरलेली पेटी आणि ती सांभाळायला प्रमाणपत्र असलेला माणूस ठेवायला सांगितलं होतं. आमच्या भागातल्या छोट्या शेडमध्ये पेटी भिंतीवर असते, एवढंच. चाचा म्हणाले, "बेटा, गुरुवारी सुट्टी असते. आमच्या पोरांना दोन तास शिकवून जा. मालकाशी मी बोललोय."

अब्बांनी माझ्याकडे पाहिलं. मी हो म्हणाले.

चौदा-पंधरा जण होते, बहुतेक माझ्याच वयाचे, बीड, लातूर, उत्तर प्रदेश, बिहारकडचे. अब्बा मागे पिंपावर बसले होते. आधी प्रेसचा मेन स्विच कुठे आहे ते प्रत्येकाला दाखवायला लावलं. दोघांना माहीत नव्हता. मग छातीवर दाब देण्याचा सराव, उशीवर. मिनिटाला शंभर ते एकशेवीस, मध्ये न थांबता. मग मी पिशवीतून गाजर काढलं. पोरं हसली.

गाजराचा तुकडा तोडला, ओल्या कापडात गुंडाळला, पिशवीत बांधला. "आता बर्फ," मी म्हणाले, आणि मला पुढचं वाक्य बोलवेना. ते न सांगता वर्ग संपवणंही शक्य नव्हतं. समोर बसलेल्यांपैकी कोणाचं तरी बोट उद्या तुटू शकतं.

"बर्फ बोटाला लागू द्यायचा नाही. लागला तर बोट मरतं."

चाचा पहिल्याच रांगेत होते. त्यांनी माझ्या हातातली पिशवी घेतली आणि उलटसुलट करून पाहिली. मग मला विचारलं, "नुसत्या बर्फात ठेवलं तर?"

मी मॅडमनी सांगितलेलं सांगितलं. प्रेसमधलं बोट चिरडलेलं असतं, नीट आणलं तरी बहुतेक वेळा जोडता येत नाही. ते खरंच होतं. चाचा मान हलवत राहिले. मग मागे वळून अब्बांकडे बघत म्हणाले, "डबा तुझाच होता."

"हो," अब्बा म्हणाले. "आणि तो तू अजून परत दिलेला नाहीस."

चाचांनी दुसरं गाजर उचललं, तोडलं आणि कापड भिजवायला नळाकडे गेले.