पुस्तिका वाचतो कोण?

दिवाळीच्या खरेदीत नवा टेलिव्हिजन घरी आला की खोक्यातून काय काय निघते? संच, त्याचे दोन पाय, स्क्रू, सेल, रिमोट आणि एक पुस्तिका. सेल ताबडतोब रिमोटमध्ये जातात. पुस्तिका वॉरंटी कार्डासकट कपाटात जाते, ती संच भंगारात निघेपर्यंत तिथेच राहते. याचा दोष लोक आपल्या आळसाला देतात. आम्हाला तो पुरता मान्य नाही.

पुस्तिका उघडून तर पाहा! आरंभीची पाने इशाऱ्यांची: संचावर पाण्याने भरलेली फुलदाणी ठेवू नका वगैरे. मग जोडण्यांची चित्रे. आणि पुढे? ‘अधिक माहितीसाठी संचातील ई-मॅन्युअल पाहा.’ म्हणजे संच कसा चालवावा हे कळण्यासाठी आधी तो चालवता आला पाहिजे! तिथवर पोहोचलात, तरी ‘शार्पनेस’ने शार्पनेस कमीजास्त होतो, एवढाच उलगडा होतो. (तो कमीच ठेवावा. वाढवला की कडांभोवती पांढरट रेघा उमटतात.)

२ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबईचे दूरदर्शन केंद्र सुरू झाले, त्या काळच्या संचांवर बटणे मोजकी असत. चित्र वरखाली पळू लागले की ‘व्हर्टिकल होल्ड’चे बटण हळूहळू पिळायचे, चित्र मुकाट्याने थांबे. आता मेनूच्या पोटात मेनू.

त्यातून दुकानातली गंमत वेगळीच. लखलखाटात रांगेने मांडलेल्या संचांत आपलाच उठून दिसावा म्हणून ‘व्हिव्हिड’ नावाची भडक, निळसर झाक दिलेली असते. ती घरच्या दिव्यात डोळ्यांना टोचते. ‘सिनेमा’, ‘मूव्ही’ किंवा ‘फिल्ममेकर’ यांपैकी जो पर्याय असेल तो निवडावा. चित्र दोन दिवस पिवळट वाटेल, मग डोळे सरावतात.

चित्रपटात सेकंदाला २४ चित्रे असतात. नव्या संचाला तेवढ्याने समाधान नाही. मधली चित्रे तो स्वतःच कल्पनेने रचून घालतो. मग भव्य चित्रपटही स्टुडिओत उरकलेल्या मालिकेसारखा गुळगुळीत दिसू लागतो. डिसेंबर २०१८ मध्ये खुद्द टॉम क्रूझने दिग्दर्शक मॅक्वारी यांच्यासह एक चित्रफीत काढून ही सोय बंद करण्याची विनंती प्रेक्षकांना केली होती. पण बंद करायची म्हणजे आधी सापडली पाहिजे! सोनी तिला ‘मोशनफ्लो’ म्हणते, एलजी ‘ट्रूमोशन’. क्रिकेटला मात्र ती चालेल.

जुन्या चित्रपटांची आणखी एक तऱ्हा. १९५३ चा ‘श्यामची आई’ जवळजवळ चौकोनी पडद्यासाठी काढलेला. तो आजच्या रुंद पडद्यावर ताणून भरला, की वनमालाबाईंचा चेहरा सुमारे एक तृतीयांशाने फुगतो. ‘पिक्चर साइझ’मध्ये ४:३ निवडा. बाजूला काळ्या पट्ट्या येतील, त्या येऊ द्या.

ही झाली हौसेची दुखणी. खरे दुखणे दुपारचे. घरात एकट्या आजी. हात चुकून ‘सोर्स’वर पडतो आणि पडद्यावर ‘नो सिग्नल’. बिघडलेले काहीच नसते. सेट-टॉप बॉक्स ‘एचडीएमआय १’ला जोडलेला असतो आणि संच भलतीकडेच पाहत बसलेला असतो. संध्याकाळी नातू येतो, दोन बटणे दाबतो आणि म्हणतो, “आजी, तुला किती वेळा सांगायचं गं!” त्या दिवसापासून आजी रिमोटला हात लावीत नाहीत. कोणी घरी आले की मालिका पाहतात, नाही तर खिडकीत बसतात. ज्या बाईंनी संसारभर स्टोव्हच्या पिना काढल्या, त्यांना दोन बटणे जड जातील, हे आम्हाला पटत नाही.

त्यांच्यासाठी पुठ्ठ्याच्या तुकड्यावर ठसठशीत मराठीत लिहा: ‘चित्र गेले तर मोठा रिमोट घ्या. सोर्स दाबा. खालीवर जाऊन एचडीएमआय १ वर या. ओके दाबा.’ ‘मोठा’ की ‘छोटा’ हे आपापल्या घरचे रिमोट पाहून ठरवा आणि दोहोंना वेगवेगळ्या रंगांच्या पट्ट्या चिकटवा. मग आजींकडूनच तीनदा करवून घ्या. आपण मध्ये हात घालायचा नाही. आणि पुठ्ठ्याच्या मागे केबलवाल्याचा नंबर लिहायला विसरू नका.