नवी नोकरी, पहिलं ऊन

पुण्यात शिकलेला तरुण अभियंता मे महिन्यात चंद्रपूरजवळच्या बांधकामावर रुजू होतो. पहिल्याच दिवशी छाप पाडायची म्हणून दिवसभर उन्हात उभा राहतो. जुने मजूर त्याच उन्हात सहज वावरतात, मग आपणच कसे कच्चे, असं त्याला वाटतं.

फरक हिमतीचा नसतो, सवयीचा असतो. उष्णतेशी जुळवून घ्यायला शरीराला साधारण ७ ते १४ दिवस लागतात. या काळात घाम लवकर सुटू लागतो, त्यातून मीठ कमी जातं, रक्तातील द्रव वाढतो आणि हृदयावरचा ताण हलका होतो. तोवर उष्माघाताचा धोका जास्त. म्हणून नवख्याने पहिल्या दिवशी उन्हातलं काम नेहमीच्या २० टक्केच करावं आणि रोज २० टक्क्यांनी वाढवावं. तहानेची वाट न पाहता पाणी प्यावं.

डोकेदुखी, मळमळ, चक्कर जाणवली तर लगेच सावली गाठावी आणि वरिष्ठांना सांगावं. त्यात कमीपणा नाही. बोलणं असंबद्ध झालं किंवा शुद्ध हरपली, तर १०८ ला फोन करावा. रुग्णवाहिका येईपर्यंत त्याला सावलीत न्यावं, अंगावर गार पाणी ओतावं, वारा घालावा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात मात्र पाणी घालू नये.