ताकदीचं औषध आणि बाळाची वाट

लग्नाला दोन-तीन वर्षं झाली आणि घरात पाळणा हलला नाही, की आपल्याकडे तपासण्या सुरू होतात त्या बाईच्या. सोनोग्राफी होते, हार्मोन्ससाठी रक्त काढतात, गर्भनलिका मोकळ्या आहेत का ते बघायला औषध सोडून एक्स-रे काढतात. देवदर्शनं, उपासतापासही तिच्याच वाट्याला येतात. हे सगळं उरकल्यावर कधीतरी नवऱ्याला वीर्यतपासणीला पाठवलं जातं आणि रिपोर्ट ‘निल’ येतो. नमुन्यात एकही शुक्राणू नाही. सगळं घर हादरतं. पण तेव्हाही एक साधा प्रश्न बहुतेकदा विचारायचा राहून जातो: तुम्ही टेस्टोस्टेरॉन घेता का? जिममध्ये कधी इंजेक्शनं घेतली होती का?

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ सालच्या अहवालानुसार जगात दर सहा प्रौढांपैकी साधारण एकाला आयुष्यात कधी ना कधी वंध्यत्वाला सामोरं जावं लागतं. अशा जोडप्यांपैकी जवळपास निम्म्यांत पुरुषाकडचं कारण असतं, कधी एकटं, कधी बाईकडच्या कारणाच्या जोडीनं. त्यातल्या बऱ्याच कारणांवर अजून ठोस इलाज नाही. टेस्टोस्टेरॉनचं कारण मात्र टाळता येतं आणि बहुतेक वेळा उलटवताही येतं. म्हणूनच त्याबद्दल न बोलणं मला अक्षम्य वाटतं.

हे औषध घेणारे पुरुष एका साच्यातले नसतात. पिट्युटरी ग्रंथीचा आजार झालेल्या किंवा कर्करोगाच्या उपचारांत वृषणांना इजा पोचलेल्या पुरुषाला त्याची खरोखर गरज असते. चाळिशीच्या आसपासचा, वजन वाढलेला, मधुमेह असलेला, सतत थकलेला पुरुष एका रक्ततपासणीवर ‘टेस्टोस्टेरॉन लो आहे’ असं ऐकतो आणि जेल किंवा इंजेक्शन सुरू करतो. वास्तविक ही तपासणी सकाळी लवकर, शक्यतो उपाशीपोटी आणि वेगवेगळ्या दिवशी दोनदा करायची असते, कारण दुपारपर्यंत पातळी आपोआप उतरते. तिसरा असतो जिममधला विशी-पंचविशीचा मुलगा. तो ‘सायकल मारतो’, म्हणजे काही आठवडे इंजेक्शनं घेऊन मग थांबतो, ट्रेनर किंवा मित्र सांगेल तो डोस घेतो, आणि घरी यातलं कुणाला काही ठाऊक नसतं.

तिघांचाही समज एकच असतो: टेस्टोस्टेरॉन हे पुरुषाचं हार्मोन, तेव्हा ते वाढलं की मूल होण्याची शक्यताही वाढणार. हा समज इतका सरळ दिसतो की काही डॉक्टरही त्याला फसतात आणि शुक्राणू कमी असलेल्या रुग्णाला टेस्टोस्टेरॉन लिहून देतात. प्रत्यक्षात घडतं ते अगदी उलट.

मेंदूतला हायपोथॅलॅमस पिट्युटरीला इशारा देतो. पिट्युटरी एलएच आणि एफएसएच ही दोन हार्मोन्स रक्तात सोडते. एलएचमुळे वृषणातल्या लायडिग पेशी टेस्टोस्टेरॉन बनवतात, तर एफएसएच सर्टोली पेशींना शुक्राणू वाढवायला लावतं. टाकी भरली की बॉलकॉक वर येऊन पाणी बंद करतो, तसा मेंदू रक्तातलं टेस्टोस्टेरॉन पुरेसं दिसलं की इशारा थांबवतो. टाकीत पाणी बाहेरच्या टँकरनं भरलं आहे, हे त्याला कळत नाही. एलएच आणि एफएसएच जवळपास शून्यावर येतात. शुक्राणू तयार होण्यासाठी वृषणाच्या आत रक्तातल्यापेक्षा पन्नास ते शंभर पट टेस्टोस्टेरॉन लागतं, आणि ते तिथेच बनावं लागतं. सुईतून दिलेलं औषध ती पातळी कधीच गाठू शकत नाही. म्हणजे रक्ताचा रिपोर्ट उत्तम, दंड भरलेले, उत्साह दांडगा, आणि वृषणं मात्र हळूहळू आक्रसत चाललेली. वृषणाचा बहुतांश भाग शुक्राणू बनवणाऱ्या नलिकांचाच असल्यामुळे काम थांबलं की आकारही घटतो. अनेकांच्या हे लक्षात येतं, पण लाजेपोटी ते कुणाजवळ बोलत नाहीत.

पुरुषत्व सुईतून मिळवण्याचा मोह जुना आहे. शार्ल ब्राउन-सेकार या नामांकित शरीरशास्त्रज्ञानं १८८९ साली, वयाच्या ७२व्या वर्षी, कुत्र्याच्या आणि गिनीपिगच्या वृषणांचा अर्क स्वतःला टोचून घेतला आणि पॅरिसमध्ये विद्वानांच्या सभेत आपण तरुण झाल्याचं जाहीर केलं. त्या पाणीदार अर्कात हार्मोन जवळजवळ नव्हतंच. तो परिणाम मनाचा होता. शुद्ध टेस्टोस्टेरॉन हाती आलं १९३५ साली. त्याच वर्षी ते प्रयोगशाळेत तयारही झालं, आणि या क्षेत्रातल्या कामासाठी बुटेनांट आणि रुझिच्का यांना १९३९ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

ताकदीसाठी मिरवलेलं हेच हार्मोन पुढे पुरुषांचं गर्भनिरोधक म्हणून तपासलं गेलं, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असतं. जागतिक आरोग्य संघटनेनं सात देशांतल्या दहा केंद्रांवर २७१ निरोगी पुरुषांना दर आठवड्याला २०० मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन एनॅन्थेट टोचलं. सहा महिन्यांच्या आत त्यांच्यापैकी १५७ जणांचे शुक्राणू शून्यावर आले. नंतर या पुरुषांनी दुसरं कुठलंही साधन न वापरता वर्षभर संबंध ठेवले, तर गर्भधारणा झाली अवघी एक. हा निष्कर्ष १९९० साली प्रसिद्ध झाला. चीनमध्ये पुढे हजाराहून अधिक पुरुषांवर महिन्याच्या इंजेक्शनानं असाच परिणाम दिसला. लक्षात घ्या, आठवड्याला २०० मिलिग्रॅम हा डोस जिममधल्या सायकलींच्या मानानं किरकोळ आहे. अर्थात संततिनियमन म्हणून यावर कुणी विसंबू नये, कारण काहींचे शुक्राणू पूर्ण थांबत नाहीत.

दिलासा देणारी गोष्टही अशाच प्रयोगांतून कळली. २००६ साली अशा तीस अभ्यासांतल्या दीड हजारांहून अधिक पुरुषांची माहिती एकत्र करून पाहिली गेली. औषध थांबवल्यावर सहा महिन्यांत सुमारे ६७ टक्के, वर्षभरात ९० टक्के आणि दोन वर्षांत जवळपास सगळ्यांची शुक्राणुसंख्या मिलिलिटरला दोन कोटींवर परत आली. पण ते सगळे मुळात निरोगी होते आणि मोजका काळ औषध घेत होते. वय जास्त असेल, औषध वर्षानुवर्षं चालू असेल किंवा मूळची संख्याच कमी असेल, तर परतीला वेळ लागतो आणि काही जण पूर्वपदावर येतही नाहीत. एक शुक्राणू तयार व्हायला अडीच ते तीन महिने लागतात. त्यामुळे पहिल्या महिन्यात काही फरक न दिसणं स्वाभाविक आहे. बायकोचं वय पस्तिशीपुढे असेल, तर मात्र हे वाट पाहणं तिच्या वेळेतून जातं. ते पतीनं आणि डॉक्टरांनी विसरता कामा नये.

म्हणूनच ज्याला जवळच्या काळात मूल हवं आहे त्याला बाहेरून टेस्टोस्टेरॉन देऊ नये, असं अमेरिकेतल्या हार्मोनतज्ज्ञांच्या आणि मूत्ररोगतज्ज्ञांच्या, दोन्ही संघटना २०१८ पासून स्पष्टपणे सांगतात.

औषध चालू असतानाचे दुष्परिणाम जोडप्यानं एकत्र समजून घ्यायला हवेत. रक्त घट्ट होतं. हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातलं लाल पेशींचं प्रमाण, ५४ टक्क्यांच्या वर गेलं तर डोस कमी करावा लागतो किंवा औषध थांबवावं लागतं. मुरुमं येतात, छाती वाढते, पायांवर सूज येते, घोरणं आणि झोपेत श्वास अडकणं बळावू शकतं. हृदयविकाराचा धोका असलेल्या पाच हजारांवर पुरुषांच्या २०२३ सालच्या मोठ्या चाचणीत हृदयविकाराचे झटके वाढले नाहीत. मात्र हृदयाचे ठोके अनियमित होणं आणि फुप्फुसात रक्ताची गुठळी अडकणं हे काहीसं जास्त आढळलं.

जेलबद्दल सविस्तर सांगायला हवं, कारण त्याचा धोका थेट बायकोपर्यंत पोचतो. सकाळी आंघोळीनंतर नवरा खांद्यावर आणि दंडावर जेल चोळतो. जेलमधलं अल्कोहोल उडून जातं, हार्मोन कातडीवर उरतं. त्याच हातानं बायकोचा हात धरला, बनियन न घालताच मुलाला कडेवर घेतलं, तर ते त्यांच्या अंगात जातं. लहान मुलांमध्ये यामुळे अवेळी वयात येण्याची लक्षणं दिसल्यानंतर अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २००९ साली वेष्टनावर ठळक इशारा छापायला लावला. बायको गरोदर असेल किंवा राहण्याची शक्यता असेल, तर पोटातल्या मुलीच्या गर्भाला पुरुषी वळण लागण्याचा धोका असतो. हात साबणानं धुणं, जेल वाळल्यावर ती जागा कपड्यानं झाकणं, जवळ येण्यापूर्वी ती धुऊन टाकणं, ही काळजी घ्यायलाच हवी. मूल हवं असेल तर मुळात जेल बंद करण्याबद्दलच डॉक्टरांशी बोलावं.

बंद करताना खरी परीक्षा असते. स्वतःचा कारखाना अजून सुरू झालेला नसतो आणि बाहेरचा पुरवठा थांबलेला असतो. थकवा, चिडचिड, उदासी, इच्छा मंदावणं, हे सगळं नेमकं तेव्हा होतं जेव्हा महिन्यातल्या ठरावीक दिवशी संबंध ठेवायचं दडपण असतं. या दिवसांत नवऱ्याला ‘तुझ्यातच दम नाही’ असं ऐकावं लागलं, तर तो चोरून पुन्हा सुई घेतो. घरच्यांनी हे समजून घेतलं, तर अर्धा उपचार तिथेच होतो.

या काळासाठी औषधं आहेत. स्त्रियांमध्ये बीज तयार व्हावं म्हणून आलेलं क्लोमिफिन मेंदूचा इशारा पुन्हा जागा करायला मदत करतं. त्यानं काहींना दृष्टी अंधूक होण्याचा आणि मूड बिघडण्याचा त्रास होतो. गरोदर स्त्रियांच्या लघवीतून मिळवलं जाणारं एचसीजी एलएचचं काम करतं आणि वृषणाच्या आतच टेस्टोस्टेरॉन तयार करवतं. पिट्युटरीच काम करत नसेल, तर क्लोमिफिनचा उपयोग नाही. तिथे एचसीजी आणि एफएसएचची इंजेक्शनं महिनोन्महिने द्यावी लागतात, पण त्यातून अनेकांना स्वतःचं मूल झालं आहे. जिममध्ये ‘पीसीटी’ (पोस्ट-सायकल थेरपी) म्हणून हीच औषधं अंदाजानं विकली जातात, ते घातक आहे. लठ्ठ पुरुषांत वजन उतरवणं, झोप सुधारणं आणि मधुमेह काबूत आणणं यांनीही स्वतःचं टेस्टोस्टेरॉन वाढतं. हा उपाय कुणी मोठ्या आवाजात सांगत नाही, कारण त्यात विकण्यासारखं काही नाही.

टेस्टोस्टेरॉन घेणाऱ्या ट्रान्स पुरुषांचा, म्हणजे जन्मावेळी मुलगी म्हणून नोंद झालेल्या पुरुषांचा, प्रश्न वेगळा असला तरी सूत्र तेच आहे: पाळी थांबली म्हणजे गर्भ राहणार नाही असं नाही, गर्भाला हे औषध अपायकारक आहे, आणि बीज साठवायचं असेल तर ते शक्यतो औषधाआधीच साठवावं.

उपचार लिहून देणाऱ्या प्रत्येक डॉक्टरला माझी विनंती आहे: पहिल्या इंजेक्शनाआधी ‘मूल हवं आहे का, किंवा पुढे हवं असेल का?’ हे विचारा, वीर्यतपासणी करा, आणि औषध टाळता येणारच नसेल तर नमुना साठवायला सांगा. २०२१ च्या सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान कायद्यानुसार नोंदणीकृत बँकेत तो दहा वर्षांपर्यंत ठेवता येतो. आणि वाचकहो, इंजेक्शन चालू असेल तर ते आपल्या मनानं बंद करू नका, पण तपासणीला जाताना ते लपवूही नका. जिममध्ये काय घेतलं त्याची कुपी, डोस आणि महिने कागदावर लिहून न्या, बायकोला सोबत घ्या, आणि तिची पुढची तपासणी ठरण्याआधी तुमची वीर्यतपासणी करून घ्या.