मोटारीचे तोंड किती उघडे असावे?

गावातील रस्त्यावरून ताशी 30-40 किलोमीटर वेगाने जाणाऱ्या मोटारीला हवेचा अडथळा फारसा जाणवत नाही. तिची बरीचशी शक्ती चाकांच्या घर्षणात आणि पुनःपुन्हा थांबून वेग घेण्यात खर्च होते. महामार्गावर मात्र चित्र पालटते. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो व त्यावर मात करण्यासाठी लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. मध्यम आकाराच्या मोटारीला ताशी 60 किलोमीटर वेगाने केवळ हवा कापण्यासाठी सुमारे 3 अश्वशक्ती लागत असेल, तर ताशी 120 किलोमीटरला तीच गरज 23 अश्वशक्तीच्या घरात जाते. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग जून 2025 मध्ये पूर्ण लांबीने खुला झाल्यापासून मोटारींना ताशी 120 किलोमीटरची मर्यादा लाभलेला 701 किलोमीटरचा सलग रस्ता राज्यात उपलब्ध आहे. त्यामुळे पूर्वी प्रयोगशाळेपुरता वाटणारा हा विषय आता सामान्य मोटारधारकाच्या खिशाशी निगडित झाला आहे.

हवेच्या या विरोधाचा एक भाग मोटारीच्या तोंडाशी, म्हणजे पुढील जाळीपाशी व बंपरखालील फटीपाशी निर्माण होतो. इंजिनात जळणाऱ्या इंधनाची जवळजवळ एक-तृतीयांश उष्णता थंड ठेवणाऱ्या द्रवात उतरते व ती रेडिएटरमधून बाहेर टाकावी लागते. यासाठी समोरून वारा आत घ्यावा लागतो. मात्र आत आलेला वारा सरळ बाहेर पडत नाही. तो रेडिएटरच्या पापुद्र्यांतून घुसतो, इंजिनावर आपटतो, मागील पत्र्याला धडकतो आणि विस्कळीत होऊन गाडीच्या पोटाखालून निसटतो. या धडपडीत त्याने गमावलेला वेग गाडीच्याच शक्तीतून वसूल होतो. बॉनेटवरून गुळगुळीतपणे सरकणाऱ्या हवेला एवढा त्रास होत नाही. एकूण विरोधात या आतील प्रवाहाचा वाटा सर्वसाधारणपणे 5 ते 10 टक्के धरला जातो.

शिक्षकांना हे वर्गात पटवून द्यावयाचे असल्यास हवामान वेधशाळेतील वाटीच्या वातमापकाचे उदाहरण घ्यावे. त्याच्या वाट्या वाऱ्यात फिरतात, कारण वाटीची पोकळ बाजू वारा अडवते, तर फुगीर बाजू त्याला वाट करून देते. मोटारीचे तोंड ही काही बंद वाटी नव्हे, कारण त्यातून वारा आरपार जातो. तथापि, वाऱ्याला पोकळी अडते आणि गोलाई अडत नाही, हे मर्म दोहोंत सारखेच आहे.

मग हे तोंड एवढे मोठे ठेवतात तरी कशासाठी? याचे उत्तर सोपे आहे. गाडी भरलेली आहे, उन्हाळा कडक आहे, वातानुकूलन यंत्र चालू आहे आणि खालच्या गिअरमध्ये लांबलचक घाट चढावयाचा आहे, अशा अत्यंत प्रतिकूल प्रसंगाचा विचार करूनच रेडिएटर व त्यापुढील उघडीप ठरविली जाते. असे प्रसंग वर्षातून थोडेच येतात. उरलेला सर्व काळ ही उघडीप गरजेपेक्षा मोठी असते.

ही जाणीव नवी नाही. 1930 च्या दशकात काही महागड्या मोटारींच्या रेडिएटरपुढे उष्णतेनुसार आपोआप उघडझाप करणाऱ्या पट्ट्या बसविलेल्या असत. थंड देशांतील मालमोटारींच्या तोंडावर हिवाळ्यात कॅनव्हासचे पडदे बांधतात. त्यांचा हेतू मात्र इंजिन लवकर तापावे हा असतो. 1973 च्या तेलसंकटानंतर हवेच्या विरोधाकडे नव्याने लक्ष गेले. पुढे 2011 सालच्या शेव्हरले क्रूझ इको या अमेरिकेतील मोटारीत खालच्या उघडीपेत विजेवर चालणाऱ्या झडपा आल्या. वेग वाढला व इंजिन थंड असले की त्या मिटतात. आता अनेक कंपन्यांच्या मोटारींत अशी सोय असते. ज्यांच्या गाडीत ती नाही, अशा हौशी मालकांनी जाळीचा काही भाग हाताने झाकण्याचा मार्ग शोधला.

या मार्गाचे फळ किती, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. झाकणामुळे एकूण विरोध 5 टक्क्यांनी घटला असे उदारपणे मानले, तरी महामार्गावरील इंधनबचत दोन-तीन टक्क्यांपलीकडे जात नाही. लिटरला 16 किलोमीटर जाणारी मोटार नागपुराहून मुंबईस आली, तर वाचणारे इंधन जेमतेम एक लिटर भरेल. उलट, वेग ताशी 120 वरून 100 किलोमीटरवर आणला, तर हवेचा विरोधच सुमारे 30 टक्क्यांनी उतरतो, आणि त्यासाठी एक पैसाही खर्च होत नाही. शहरातल्या शहरात फिरणाऱ्या कार्यालयीन वाहनाने तर या खटाटोपात पडूच नये. ज्यांचा प्रवास लांबचा, एकसंध व थंड दिवसांतील आहे, त्यांच्यासाठीच हा उपाय विचारात घेण्याजोगा ठरतो.

अनेकांची चूक होते ती झाकण लावण्याच्या पद्धतीत. पुठ्ठा किंवा प्लास्टिकचा कागद जाळीवर बाहेरून ठेवून तो चिकटपट्टीने बॉनेटला व बंपरला डकवला जातो. उन्हात पट्टीचा डिंक आधी मऊ होऊन पसरतो व नंतर कडक होतो. महिन्याभराने पट्टी ओढली की रंगावर डाग राहतात. गाडीचा तो भाग पूर्वी अपघातानंतर पुन्हा रंगविलेला असेल, तर पट्टीबरोबर रंगाचा पापुद्राही निघून येतो. शिवाय सैल कडा वाऱ्याने फडफडते, तिच्याखाली शिरलेली धूळ पॉलिश कागदासारखी घासत राहते आणि चकाकी जाते.

मोटारीचा रंग आणि चिकटपट्टी यांचे हे वैर जुने आहे. अमेरिकेतील सेंट पॉल येथे दुरंगी मोटारी रंगविणारे कारागीर रंगाच्या सीमेवर लावलेली पट्टी काढताना ताजा रंग उखडल्यामुळे त्रस्त होत असत. 3एम कंपनीतील रिचर्ड ड्रू यांनी ती अडचण पाहूनच 1925 मध्ये सहज निघणारी मास्किंग पट्टी तयार केली. तीही थोड्या वेळेपुरतीच आहे. कित्येक दिवस उन्हापावसात राहू दिल्यास तिचाही डिंक चिवट होतो.

यास्तव रंगाला स्पर्शच न करणारी रचना श्रेयस्कर होय. वातानुकूलन यंत्राच्या तांब्याच्या नळ्यांवर चढवितात ती काळी फेसाची नळी लांबीत चिरून जाळीच्या आडव्या पट्ट्यांवर दाबून बसविता येते. दोन पट्ट्यांमधील फट तिनेच भरते. दुसरा मार्ग म्हणजे फलकांसाठी वापरला जाणारा पोकळ नालीदार प्लास्टिकचा पत्रा मापाने कापून जाळीच्या मागील बाजूस ठेवणे व तो नायलॉनच्या बंधांनी काळ्या प्लास्टिकच्या जाळीलाच बांधणे. बंधांची टोके पंखा व पट्टा यांपासून दूर असावीत. डिंकाचा डाग आधीच पडला असेल, तर कोमट साबणपाण्याने भिजवून मऊ कापडाने पुसावा. त्यावर थिनर ओतण्याचा मोह टाळावा, कारण तो डागाबरोबर रंगही नेतो.

झाकावे ते थोडे-थोडे. बहुतेक गाड्यांत आरंभ वरच्या जाळीच्या एक-तृतीयांश भागापासून करावा व बंपरखालील मुख्य उघडीप मोकळी ठेवावी. मात्र आधी बॉनेट उघडून रेडिएटर नेमका कशाच्या मागे आहे, हे पाहावे. टर्बो इंजिनाच्या हवेला थंड करणारा इंटरकूलर, दिवे, क्रमांकपट्टी आणि काही नव्या गाड्यांत जाळीमागे असणारे रडार यांच्यापुढे काहीही येता कामा नये.

उष्णतेवर लक्ष ठेवताना फलकावरील काट्यावर भिसंबून राहू नये. अनेक मोटारींत तो मुद्दामच मध्यावर स्थिर ठेवलेला असतो व तो हलेपर्यंत उशीर झालेला असतो. स्टिअरिंगखालील निदान-जोडणीत बसणारे छोटे वाचकयंत्र प्रत्यक्ष अंश दाखविते. वातानुकूलन यंत्राचा कंडेन्सर रेडिएटरच्या पुढेच असतो, म्हणून झाकण जास्त झाल्याची पहिली खूण बहुधा आतील गारवा कमी होण्यात दिसते. दुसरी खूण म्हणजे पंखा वारंवार फिरणे. तो वीज खातो, वीज इंजिनातून येते आणि वाचविलेले इंधन तेथेच संपते.

झाकणाचा हिशेब तपासावयाचा असल्यास एकाच रस्त्यावर, त्याच वेगाने, एकदा उघड्या जाळीने, एकदा झाकलेल्या व पुन्हा उघड्या जाळीने जाऊन पाहावे. एका टाकीवरून काढलेल्या सरासरीत वाऱ्याची दिशा व टायरमधील हवा यांचाच फरक तीन टक्क्यांहून अधिक असू शकतो.

विदर्भात पारा 45 अंशांच्या पुढे जातो, त्या महिन्यांत हे झाकण पूर्णपणे काढून ठेवावे. कसारा किंवा खंबाटकीचा घाट भरल्या गाडीने चढावयाचा असल्यास पायथ्याशीच गाडी थांबवून ते उतरवावे. हे दोन मिनिटांत साधत नसेल, तर झाकणाची बांधणीच बदलावी.