स्मार्ट मीटर: मोजणी आणि बचत यांतला फरक

स्मार्ट मीटर बसवला की घरातील वीज आपोआप वाचते, हा या विषयातील सर्वांत रुजलेला गैरसमज होय. हे उपकरण विजेचा वापर ठरावीक अंतराने नोंदवून तो दूरसंचार जाळ्यातून वीज कंपनीकडे पाठवते. या नोंदींचा ग्राहकाला लाभ होणार की नाही, हे वीज नियामक आयोगाने आखलेल्या दररचनेवर ठरते. केंद्र सरकारने ग्राहक हक्क नियमांत 2023 मध्ये केलेल्या दुरुस्तीने ‘टीओडी’, म्हणजे दिवसातील वेळेनुसार बदलणारे दर, घरगुती ग्राहकांपर्यंत आणले, कारण दुपारी सौरवीज मुबलक असते आणि नेमकी मागणी चढते तेव्हा, संध्याकाळी, ती संपते. महाराष्ट्रात 1 जुलै 2025 पासून महावितरणच्या स्मार्ट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना सकाळी 9 ते सायंकाळी 5 या वेळेतील वापरावर प्रतियुनिट 80 पैसे सवलत लागू झाली.

दोन किलोवॉटचा गीझर अर्धा तास चालला की एक युनिट खर्ची पडते. तो सकाळी सातऐवजी साडेनऊला लावल्यास बिल 80 पैशांनी उतरते, युनिट मात्र एकच राहते. म्हणजे ही सवलत वापराची वेळ बदलते, वापर कमी करत नाही. शिवाय ज्या घरातील सारी माणसे दिवसभर कामावर असतात, त्यांच्या हाती तिच्यातून फारसे काही लागत नाही. ही उणीव धोरणाची आहे आणि ती तिथेच दुरुस्त व्हायला हवी.

स्मार्ट मीटर म्हणजे प्रीपेड मीटर, हे समीकरणही सरसकट खरे नाही. केंद्राच्या 2021 च्या सुधारित वितरण क्षेत्र योजनेचे लक्ष्य 25 कोटी प्रीपेड मीटरचे होते. महाराष्ट्राने मात्र विरोधानंतर, जून 2024 मध्ये, सामान्य ग्राहकांवर प्रीपेड पद्धत न लादण्याचे जाहीर केले, आणि त्यानंतर बसवलेल्या स्मार्ट मीटरवर वापरानंतरच बिल येते. मीटरसाठी ग्राहकाकडून वेगळी रक्कम घेतली जात नाही, पण म्हणून तो फुकट ठरत नाही: सर्वसाधारण राज्यांसाठी केंद्राचे अनुदान खर्चाच्या 15 टक्के, कमाल 900 रुपये एवढेच असल्याने उरलेला भार वीज कंपनीवर, म्हणजे अखेरीस दरांवर येऊ शकतो.

मीटर वेगाने पळतो, ही तक्रार केवळ भ्रम म्हणून झटकून टाकणे ग्राहकावर अन्याय करणारे आहे, कारण बिल वाढण्यामागे जुना चकतीचा मीटर झिजून मंदावलेला असणे हे कारण असू शकते, तसेच नव्या मीटरमधील दोषही असू शकतो. ग्राहक हक्क नियमांतील 2024 च्या दुरुस्तीनुसार अशी तक्रार आल्यास वीज कंपनीने पाच दिवसांत पडताळणीसाठी दुसरा मीटर जोडून किमान तीन महिन्यांचा वापर तपासणे बंधनकारक आहे.